सुंदराबाईची गोधडी, बुधाजीचा डगला

मी डगला आहे. कोट नव्हे, बंडी नव्हे, डगला. माझ्या बंदाला सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे आणि तिच्यावर सरकारी अक्षरात ‘चिलखत, एक नग’ असं लिहिलं आहे. लालबागच्या अंगाला एक पोलीस ठाणं आहे. त्याच्या मागच्या खोलीत हातभट्टीच्या रबरी नळ्या आणि जुगाऱ्यांचे पत्ते यांच्या शेजारात मी चार वर्षं पडून आहे. बोलायची मला सवय नाही. कपड्याने गप्प राहावं, माणसाचं अंग झाकावं, एवढंच मला शिकवलेलं आहे. पण आता माझे दिवस भरत आले आहेत, तेव्हा बोलून घेतो.

जन्माने मी गोधडी. मालवणच्या अलीकडे एका गावात बुधाजी साटमाची आई राहत असे. तिची लुगडी हातमागाची, जाडीभरडी. लुगडं विरलं की ती ते धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून थरावर थर लावी आणि पावसाळ्याच्या दुपारी त्यात दोरा घाली. अशा तिच्या सगळ्या आयुष्याची मिळून मी झालो. म्हातारी गेली तेव्हा मी सुनेच्या वाट्याला आलो. सुंदराबाई मला बोचक्यात बांधून बोटीने मुंबईला घेऊन आली आणि काळाचौकीच्या चाळीतल्या एका खोलीत मी पसरलो.

त्या खोलीत माझं चांगलं चाललं होतं, खोटं कशाला बोलू? सुंदराबाईची लेक शेवंती माझ्यावर पालथी पडली, माझ्यावर रांगली, माझ्यावर ओली झाली. मला गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातलं की समोरच्या बायका म्हणत, “साटमीणबाईची गोधडी बघा, अजून कशी टणक!” मला त्याचा गर्व होई. गोधडीला दुसरा मान तो कसला असणार?

बुधाजी लालबागच्या एका गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा, होता. साच्याच्या खडखडाटात निम्मं आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे तो घरातही मोठ्याने बोले आणि त्याला ऐकू कमी येई. दारू नाही, जुगार नाही. त्याला एकच वेड होतं. गावच्या देवळात, गाभाऱ्याच्या बाहेरच्या तुळईला एक जुना, कापूस भरून शिवलेला डगला टांगलेला असे. साटमांचा कोणी पूर्वज चिमाजी अप्पांच्या फौजेत वसईच्या वेढ्याला गेला होता आणि तो डगला अंगात घालून परत आला होता, असं गावात सांगत. दसऱ्याला तो खाली उतरवून ऊन द्यायचे. लहानपणी बुधाजीने त्याला हात लावला होता. पुढे वाळवीने तो खाल्ला. पण त्याचे टाके, त्याचे बंद, त्याचा तांबूस तपकिरी रंग, काखेतली ठिगळं, हे सगळं बुधाजीच्या बोटांत राहिलं होतं. जेवताना मधेच हात थांबवून तो म्हणे, “डाव्या काखेत बंद होते. नक्की डाव्या.” सुंदराबाई म्हणे, “आधी भात खावा.”

छप्पन साल उजाडलं ते गोळीबाराने. जानेवारीत गिरणगावात गोळ्या चालल्या होत्या आणि चाळीच्या जिन्यात महिनोन् महिने दुसरं बोलणं नव्हतं. मुंबई महाराष्ट्रात आलीच पाहिजे, हे मीदेखील कठड्यावर वाळता वाळता शेकडो वेळा ऐकलं. शिवजयंती जवळ आली तेव्हा चाळीच्या मंडळाचा सेक्रेटरी सीताराम म्हणाला, की यंदा मिरवणुकीत वसईची मोहीम दाखवायची. लोकांना कळू दे, ही मुंबई कुणाच्या शेजारची आहे. सीताराम ट्राममध्ये कंडक्टर होता, बोलण्यात पटाईत. त्याने गिरगावातल्या एका ड्रेपरीवाल्याकडून शिपायांचे कपडे भाड्याने आणले. लाल मखमल, छातीवर चमकीची वेलबुट्टी, पाठीला हुक.

बुधाजीने एक कोट चिमटीत धरून वर उचलला आणि मेलेला उंदीर टाकावा तसा खाली टाकला.

“सीताराम, हो वसयेक जातलो काय वरातीत?”

“अरे बुधाजी, लांबून कोण बघतंय? चमकी पाहिजे, चमकी! उन्हात काय झगमगतं!”

“वेढो घालून बसलेल्यांका चमकी खयची? आणि ह्यांका मावळे म्हणा नको. मावळे महाराजांच्या वेळचे. हे पेशवाईतले शिपाय.”

“बरं बाबा, शिपाय,” सीताराम हसला. “तू तुझा कपडा आण. हौसेला मोल नाही.”

तिथून माझी दशा सुरू झाली.

बुधाजीने आधी स्वतःला तयार केलं. त्या काळच्या शिपायासारखं डोकं भादरून शेंडी ठेवली, कल्ले वाढवले. गिरणीत गेला तर जॉबरने, खात्याच्या मुकादमाने, हळूच विचारलं, “कोण गेलं रे?” सगळं खातं हसलं. बुधाजीही हसला, पण टोपी घातली नाही. शिवलेली पगडी त्याला चालेना, म्हणून जुन्या धोतराचं मुंडासं कसं बांधायचं ते तो चाळीच्या न्हाणीतल्या आरशासमोर रोज गिरवी. म्हशीचं कातडं भिजवून, टोपलीवर ताणून, वाळवून त्याने ढाल केली. त्या ढालीचा वास असा, की शेजारच्या राधाबाईने दोन दिवस आपलं दार लावून घेतलं. वहाणा घालणार नाही म्हणाला. मिरवणुकीच्या आधी पाय तापल्या दगडाला सरावावेत म्हणून तो गिरणीत अनवाणी जाऊ लागला. फक्त तलवार लाकडी. खरं हत्यार आणलं तर परवानगी रद्द, असं पोलिसांनी बजावलं होतं. ती बेगड लावलेली फळी हातात धरताना त्याचा चेहरा कडू व्हायचा.

मग उरला डगला. कापसासाठी त्याने गल्लीत फिरणाऱ्या पिंजाऱ्याला गाठलं आणि धनुकलीच्या तातीवर पिंजलेला कापूस घेतला. गिरणीचा कापूस नको. कापड मात्र कुठे मिळेना. चाळीत ज्याच्या त्याच्या अंगावर गिरणीचंच कापड. बुधाजी म्हणाला, गिरणीचा एक धागाही आत जाता कामा नये, कारण वसईच्या वेळी गिरण्या नव्हत्या.

“सगळो जल्म गिरणीत गेलो,” सुंदराबाई म्हणाली, “आणि आता गिरणीचा सूत बाटला?”

बुधाजीचं लक्ष तिच्या बोलण्याकडे नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता.

सुंदराबाईने त्याची नजर ओळखली आणि ती माझ्यावर जाऊन बसली. खरंच, मांडी घालून बसली. “ही नाय. चेडवाक दिवस गेलेत. आषाढात ती हय बाळंतपणाक येतली. बाळ खयच्यावर घालू?”

शेवंतीचं पहिलं बाळंतपण होतं. तिचं लग्न उशिरा जमलं होतं, कूसही लवकर उजवली नव्हती, म्हणून सुंदराबाईने नवससायास केले होते. बाळ आलं की पहिल्यांदा आजीच्या गोधडीवर घालायचं, हे तिने मनाशी धरून ठेवलं होतं. बुधाजी तिच्या समोर जमिनीवर बसला. तो हळू बोलायला लागला की ती घाबरायची, कारण हळू बोलणं त्याचं नव्हतंच.

“शिवजयंती सरली काय परत उसवूया,” तो म्हणाला. “एक दिवस. फकत एक दिवस दी. आईच्या लुगड्यांचो डगलो. आमचो पूर्वज तसलो डगलो घालून गेल्लो. मगे तुझी गोधडी तुका.”

तिने माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग उठली.

कात्री लागली तेव्हा मला काय वाटलं ते विचारू नका. बाही वेगळी, पाठ वेगळी, छाती वेगळी. काताच्या पाण्यात मला बुडवलं आणि म्हातारीच्या लुगड्यांचा हिरवा-निळा रंग त्या तपकिरी पाण्यात कायमचा बुडाला. सुंदराबाई दुपारच्या वेळी, चूल निवल्यावर, दारात उजेडाला बसून टाके घाली. पहिले टाके तिने लांब लांब घातले, पुढे सहज उसवता यावेत म्हणून. बुधाजी पाळी करून आला, त्याने अंगठ्याने चाचपलं आणि सगळे उसवायला लावले.

“घाव कापसात अडकणा नाय, टाक्यात अडकता. बोटाच्या पेरात चार टाके होये.”

तिने निमूट उसवलं आणि पुन्हा घातलं. बोटांना भोकं पडली.

एक गोष्ट मात्र त्याला माहीत नव्हती. सुंदराबाईच्या आईने तिला शिकवलं होतं की गोधडीचं पोट रिकामं शिवू नये, उपाशी गोधडी अंगाला ऊब देत नाही. गावात भाकरीचा तुकडा घालत. मुंबईत भाकरी घातली तर उंदीर माजतील. म्हणून तिने ट्रंकेतून शेवंतीची लहानपणची खणाची कुंची काढली, तीच जी नातवाला घालायची म्हणून जपून ठेवली होती, आणि माझ्या डाव्या छातीच्या थरांत सारली. तिच्या खालीच बुधाजीचं काळीज येणार होतं. मग तिने पोट शिवून टाकलं. अशी मी गोधडीची डगला झाले, आणि तेव्हापासून ‘झालो’ म्हणायची सवय लागली.

मिरवणुकीच्या दिवशी मी पहिल्यांदा बुधाजीच्या अंगावर चढलो. वैशाखाचं ऊन! माझ्या आत बुधाजी भट्टीत ठेवल्यासारखा भिजला होता. मखमलवाले शिपाई लिंबू सरबत पीत, विड्या ओढत चालले होते. एकाच्या मनगटावर घड्याळ होतं. बुधाजीने पाण्याचा थेंब घेतला नाही. रस्त्यावरचे लोक मखमलीकडे बघून टाळ्या वाजवत होते आणि हा कोण मळकट माणूस म्हणून मला न्याहाळत होते. बुधाजीला त्याचं काही नव्हतं. मला त्याच्या काळजाचे ठोके कुंचीतून ऐकू येत होते आणि ते आनंदाचे होते. एवढा आनंद त्याला शेवंतीच्या लग्नातही झाला नव्हता.

नाक्यावर मिरवणूक अडली. पुढे जायचं नाही, असं पोलीस म्हणाले. सीताराम वाद घालू लागला. मागून घोषणा आली, “संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!” एक घोषणा झाली की चाळींच्या गॅलऱ्यांतून दहा होतात. कुठून तरी एक दगड आला. मग लाठ्या.

वसईची फौज पळाली. मखमलीत पळणं सोपं असतं. कुणाचा कोट फाटला, कुणाचं डोकं. सीतारामच्या पाठीवर वळ उठले ते पुढे महिनाभर होते. बुधाजी पळाला नाही. वीर होता म्हणून नव्हे, माझ्यासारखं ओझं अंगावर घेऊन त्याला पळता आलं नसतं. एक पोलीस शिपाई त्याच्यावर धावून आला आणि त्याने पाठीत काठी घातली.

मी ती काठी पोटात घेतली.

बुधाजी चमकला. दुसरी बसली, खांद्यावर. तीही मी घेतली. आणि मग बुधाजी हसायला लागला. तुम्हाला वाटेल, वेड लागलं. नाही हो. बोटाच्या पेरात चार टाके, ते बरोबर होते! दसऱ्याच्या उन्हात लहानपणी चाचपलेलं सगळं बरोबर होतं! तो वळून त्या शिपायालाच सांगू लागला, “लागणा नाय! अरे, लागणाच नाय! बघ, परत मार!”

शिपाई घामाघूम झाला, त्याने हात खाली घेतले. मागून फौजदार आला. पाच-पन्नास लोकांसमोर पोलिसाच्या काठीला हसणारा माणूस त्याला दिसला. एवढं पुरलं. बुधाजीला गाडीत घातलं आणि मला त्याच्या अंगावरून उतरवून सील केलं. लाकडी तलवार त्यांनी तिथेच नाक्यावर टाकून दिली. खोटी होती ना, ती सुटली.

खटला उभा राहिला. दंगलीच्या तयारीने चिलखत घालून आला, असा आरोप. दगड मारला असं कुणी म्हणत नव्हतं, पण मी होतो. मी पुरावा होतो. बुधाजीच्या पाठीवर एकही वळ नाही असं डॉक्टरने लिहून दिलं होतं, आणि माराचा वळ नसणं हाच त्याचा गुन्हा ठरत होता.

गिरगावातल्या एक तरुण वकीलबाई, मृणालिनीबाई, आंदोलनातल्या लोकांचे खटले फुकट चालवायच्या. त्यांनी मला टेबलावर उलटंपालटं केलं, सुंदराबाईला चार प्रश्न विचारले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“बुधाजीराव,” त्या म्हणाल्या, “हे फार सोपं आहे. ही तुमच्या घरातली गोधडी आहे. मिरवणुकीपुरती अंगात घातलीत. एवढंच सांगा. यात काही खोटंही नाही. आज संध्याकाळी घरी जाल.”

बुधाजीने मान डोलावली. कोर्टाच्या व्हरांड्यात सुंदराबाईने त्याच्या बेडीला हात लावला. शेवंती आली होती, तिला आठवा लागला होता, ती बाकावर टेकून बसली होती. “गोधडी म्हणा,” सुंदराबाई म्हणाली. “येकच शब्द. गोधडी म्हणा आणि घराक चला.”

“म्हणतंय,” तो म्हणाला.

आधी सुंदराबाईची साक्ष झाली. तिने डोक्यावरचा पदर दातात धरला होता, पण बोलायला लागली तेव्हा सोडला. “ती माझी गोधडी, सायबानू. सासवेच्या लुगड्यांची. माझा चेडू पोटुशी आसा. मिरवणूक सरली काय उसवन परत गोधडी करतलंय, असा आमचा ठरलेला. बाळाक घालूक.”

मॅजिस्ट्रेट साहेब वयस्क होते. त्यांच्या ओठांवर हसू आलं. त्यांनी मला जवळ घेतलं, पाठ चाचपली, खांदे दाबून पाहिले. त्यांच्या घरीही कुणी गोधडी शिवणारी असेल. मला वाटलं, सुटलो. अगदी तसंच वाटलं.

मग सरकारी वकील उठले. हुशार माणूस. त्यांनी ड्रेपरीवाल्याचा एक मखमली कोट मागवून ठेवला होता. तो त्यांनी माझ्या शेजारी मांडला आणि बुधाजीकडे वळून अगदी गोडीत विचारलं.

“आम्हीही कबूल करतो. ही सगळी नाटकी सोंगं. हा कोट तसाच हा. फरक एवढाच, की याला निदान चमकी तरी आहे. तुमचं म्हणजे चिंध्यांचं बोचकं. बरोबर ना? असल्याने पोलिसाची काठी अडणार नाही, उगाच त्या बिचाऱ्या शिपायाने काहीतरी सांगितलं. नाही का?”

मृणालिनीबाई उठल्या, पण उशीर झाला होता. मी बुधाजीकडे बघत होतो. तो मखमलीकडे बघत होता. त्या चमकीकडे, त्या हुकांकडे. सुंदराबाई आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हणत होती, गोधडी, गोधडी.

“होती गोधडी,” बुधाजी म्हणाला. साच्यावर बोलावं तितक्या मोठ्याने म्हणाला. “आता नाय. ह्या सोंगाच्या शेजाराक त्येका ठेवा नको, सायबानू. तो डगलो आसा. खरो. माझ्या पूर्वजाचो होतो तसलोच. हो तलवारीन तुटाचो नाय, काठयेची काय कथा? व्हया तर हयसर मारून बघा.”

सरकारी वकील खाली बसले. त्यांना आणखी काही विचारायचंच नव्हतं. मृणालिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं, असं त्यांच्या मनात आलं असेल. मी त्यांना दोष देत नाही.

निकालात साहेबांनी लिहिलं, की सदर वस्तू शोभेची नसून लढाईच्या उपयोगाची आहे, हे वस्तूच्या पाहणीवरून व आरोपीच्या स्वतःच्या सांगण्यावरून सिद्ध होते. ते वाचलं जात असताना बुधाजीची पाठ ताठ झाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शिकलेल्या माणसाने त्याचं काम खरं म्हटलं होतं. मग त्याने मागे वळून सुंदराबाईकडे पाहिलं, शेवंतीकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. त्याचा तो चेहरा मला विसरता येत नाही.

त्याला सक्तमजुरी झाली आणि मी सरकारजमा झालो. गिरणीने त्याचं नाव काढून टाकलं.

मुद्देमालाची खोली हवालदार शामरावांच्या ताब्यात होती. माणूस वाईट नव्हता. आषाढात सुंदराबाई भिजत आली. बाळ झालं होतं, मुलगी. मालन नाव ठेवणार होते.

“बाळ गोणपाटार निजता,” ती म्हणाली. “माका सगळी नको. तुमच्यासमोर फकत एक कोपरो उसवतंय, आतली कुंची काढतंय आणि जातंय.”

शामरावांनी तिला पाणी दिलं. “वहिनी, महाराष्ट्र मलाही हवाय. वर्दीच्या आत मीही मराठीच आहे. पण सील केलेल्या मालाला नख लावलं तर माझी पोरं गोणपाटावर येतील.” तिने वाद घातला नाही. बाईमाणूस किती वाद घालणार? पण ती पुन्हा आली, आणि पुन्हा. सणासुदीला देवळात जावं तशी ती मुद्देमालाच्या खोलीच्या दाराशी येई, आणि शामराव तेच सांगत.

बुधाजी सुटल्यावर एकदाच आला. माझगावच्या गोदीत ओझी उचलायचं काम त्याला मिळालं होतं, तेही मिळेल त्या दिवशी. डोक्यावर केस पुन्हा उगवले होते, सगळे पांढरे. छातीतून साच्यासारखा आवाज येत होता. त्याने मला मागितलं नाही, नुसतं बघू द्या म्हणाला. शामरावांनी दिवा वर धरला. बुधाजीने अंगठ्याने टाके चाचपले, पूर्वीसारखेच. एकही टाका सुटला नव्हता. मला वाटलं, तो खूश होईल.

“कित्याक इतको खरो झालंस रे?” तो मला म्हणाला.

मी काय सांगणार? तू केलंस म्हणून झालो. तो गेला, आणि परत आला नाही.

परवा बाहेर मोठा जल्लोष झाला. ढोल, ताशे, फटाके, भिंतीपलीकडून लोकांचं रडणं आणि हसणं एकदमच ऐकू येत होतं. महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. खोलीतल्या उंदरांनीसुद्धा पळापळ केली. मी म्हटलं, बुधाजी, ऐकतोस का रे? पण तो ऐकण्यापलीकडे गेला होता. हे मला काल कळलं, सुंदराबाई आली तेव्हा. तिचं कपाळ मोकळं होतं. बोटाला धरून चार वर्षांची मालन होती.

“आता महाराष्ट्र झालो ना, हवालदारदादा?” ती म्हणाली. “ज्येच्यासाठी ते आत गेले, ता झाला. आता तरी माझी वस्तू द्या.”

शामराव खाली बघत होते. “वहिनी, राज्य बदललं. मुद्देमाल बदलत नाही. काल मुंबई सरकारचा होता, आज महाराष्ट्र सरकारचा आहे.” मग त्यांनी तेही सांगितलं, जे सांगायचं नव्हतं. जुना मुद्देमाल जाळून टाकायचा हुकूम आला आहे. खोली रिकामी करायची आहे.

सुंदराबाई रडली नाही. मालनने माझ्याकडे बोट दाखवलं. “आजये, ता काय आसा?”

चार वर्षं ती मला गोधडीच म्हणत आली होती. कोर्टात, ठाण्यात, दारात, सगळीकडे. काल पहिल्यांदा तिने मला दुसरं नाव दिलं.

“तुझ्या आजोबाचो डगलो,” ती म्हणाली. “खरो.” आणि पोरीला उचलून घेऊन गेली.

तेव्हा माझं आता असं आहे. जाळायला नेतील तेव्हा मी लवकर पेटणार नाही, दाबून भरलेला कापूस आधी नुसता धुमसतो. तेवढा वेळ मिळेल. मला सोडवा असं मी म्हणत नाही, सरकारच्या घरून कोण सुटलंय? पण तुमच्यापैकी ज्याच्या हातून मी आगीत पडणार असेन, त्याने एवढं करावं. माझ्या डाव्या छातीचे टाके उसवावेत. आत खणाची एक कुंची आहे, काळाचौकीच्या साटमीणबाईची. मालनला आता ती व्हायची नाही, पण तरी द्यावी.

कात्री लागणार नाही, नखाने उसवतील. तेवढ्या जागी सुंदराबाईने टाके लांब आणि सैल घातले आहेत. बुधाजीच्या नकळत, परत काढता यावी म्हणून. साहेबांनी त्या दिवशी माझी पाठ दाबून पाहिली, खांदे दाबून पाहिले. बोट चारच अंगुळं पुढे आलं असतं तर त्यांना मऊ लागलं असतं. तिथे मी डगला नव्हतो. तिथे मी अजून गोधडीच होते.